कप फुटला, की फोडला?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

श्रोतेहो, आज मी एका परक्या भाषेच्या व्याकरणाबद्दल बोलणार आहे. व्याकरण म्हटल्यावर लगेच रेडिओचा कान पिळू नका. शाळेत आपण जे कर्ता-कर्म-क्रियापद घोकलं, त्याच्याशी याचा संबंध थोडाच आहे. माणसाच्या हातून नको ते घडून जातं, बोलू नये ते तो बोलून जातो, पोचायचं असतं एका गावाला आणि पोचतो भलत्याच. हे सगळं तो दुसऱ्याला सांगतो कसं, एवढाच आजचा विषय आहे. भाषा आहे कोरियन.

मी भाषाशास्त्राचा माणूस नव्हे. बी.ए. झालो तोही मराठी घेऊन, आणि उभा जन्म कविता लिहिण्यात घालवला. कोरियनच्या वाटेला मी गेलो तो माझ्या भाचीमुळे. ती पुण्याजवळच्या एका कारखान्यात दुभाषी आहे. तिची व्याकरणाची पुस्तकं आमच्याकडे पडलेली असत. मी ती चाळू लागलो आणि एका पानावर थबकलो. 'नादो मोरुगे' असा शब्दप्रयोग तिथं होता. 'ना' म्हणजे मी, 'दो' म्हणजे सुद्धा आणि 'मोरुगे' म्हणजे न कळता. मीसुद्धा-न-कळता! आपण मराठीत 'माझ्याही नकळत' म्हणतो, ते शब्दाला शब्द लावून तिथं उभं होतं. मधे एवढा मोठा चीन देश पसरलेला, आणि नकळत घडणाऱ्या गोष्टीसाठी दोन्हीकडे एकच तऱ्हा. मग मी ते पुस्तक सोडलंच नाही.

कोरियन भाषेची ठेवण आपल्याला परकी वाटत नाही, हे आधी सांगायला हवं. क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. शब्दांना प्रत्यय लागतात. वडीलधाऱ्यांशी बोलताना क्रियापदाचं रूप बदलतं. राग 'येतो', आठवण 'येते', झोप 'येत नाही', या गोष्टी माणूस करत नाही, त्या त्याला होतात, हेही त्या भाषेत जवळपास आपल्यासारखंच आहे. सगळ्यात मोठं साम्य मात्र जोडीच्या क्रियापदांचं. आपण 'खाल्लं' म्हणतो आणि 'खाऊन टाकलं' असंही म्हणतो. 'बोललो' म्हणतो, 'बोलून गेलो' म्हणतो, 'बोलून बसलो' म्हणतो. बोलणं एकच आहे, पण मागून येणारं दुसरं क्रियापद त्या बोलण्याची सगळी हकिगत सांगून जातं. कॉलिन मसिका या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञानं १९७६ साली भारतीय भाषांच्या समान लकबींवर एक पुस्तक लिहिलं. जोडक्रियापदांची ही सवय कुठवर पोचते याचा माग घेत तो भारताबाहेर मध्य आशियात आणि पार कोरिया-जपानपर्यंत गेला आहे.

आता एक कप घेऊ. साधा चहाचा. तो फुटला. आपल्याकडे 'फुटणे' आणि 'फोडणे' अशी जोडी आहे. कोरियनमध्ये तशीच 'क्केजिदा' आणि 'क्केदा' अशी जोडी आहे. पहिल्यात कप आपला आपण फुटतो, दुसऱ्यात कुणीतरी तो फोडतो. पण माझा धक्का लागला आणि कप फुटला, मला तो फोडायचा नव्हता, हे कसं सांगायचं? मराठीनं यासाठी एक फार सुंदर सोय केली आहे. 'माझ्या हातून फुटला.' म्हणजे फुटणारा कपच, मी नुसता वाटेत होतो. माझा हात होता, मी नव्हतो! आमच्या घरात दखनी बोलतात, तिथंही 'मेरे हात से गिर गया' असंच म्हणतात. लहानपणी या वाक्यानं मला अनेकदा वाचवलं आहे.

कोरियन माणसाला ही 'हातून'ची पळवाट नाही. तो 'चुकून' या अर्थाचा शब्द जोडू शकतो. पण सहसा तो म्हणतो, 'क्के बॉर्यॉत्ता', किंवा 'क्केगो मारात्ता'. दोन्हींत क्रियापद 'फोडणे'च आहे. फोडणारा मीच आहे. त्यापुढं जे दुसरं क्रियापद आलंय, त्यात सगळी गंमत आहे.

पहिलं क्रियापद 'बॉरिदा'. त्याचा मूळ अर्थ टाकून देणं. कचरा टाकतात ना, तेच टाकणं. म्हणजे आपलं 'टाकणे'! 'मॉगॉ बॉर्यॉत्ता' म्हणजे 'खाऊन टाकलं'. हे वाचलं तेव्हा मला हसूच आलं. पण जरा पुढं गेल्यावर वाट वेगळी होते. कोरियन 'बॉरिदा' दोन उलट भावना एकाच वेळी पोटात बाळगतो. अभ्यास करून टाकला, सुटलो एकदाचा, हा हायसेपणा त्यात आहे. धाकट्यानं माझा केक खाऊन टाकला, आता काय करू, ही हळहळही त्यातच आहे. वाक्य तेच, शब्द तेच. कोणता अर्थ घ्यायचा, ते बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ओळखायचं. आपण 'निघून गेला' म्हणतो, तिथंही ते 'बॉरिदा' लावतात. निघून गेलेल्या माणसाबद्दल सुटका वाटते की पोकळी, हे सांगण्याचं काम ते ऐकणाऱ्यावर सोडतात. विसरणं आणि हरवणं या दोन क्रियांना तर हे शेपूट इतकं चिकटलं आहे की कोरियन शुद्धलेखनात ते शब्द जोडूनच लिहितात. 'इजॉबॉरिदा', विसरून टाकणं. 'इरॉबॉरिदा', हरवून टाकणं. मुद्दाम कोण विसरतं, कोण हरवतं? तरी तिथं 'टाकणं' आहेच.

इथं एक गोष्ट नीट पाहायला हवी. 'बॉरिदा' हेतूबद्दल काही बोलतच नाही. तू हे जाणूनबुजून केलंस की चुकून, याचं उत्तर त्यात नाही. त्यात एवढंच आहे की जे झालं ते पुरतं झालं, आता मागं फिरणं नाही, आणि त्याचं मला काहीतरी वाटतंय.

दुसरं क्रियापद 'माल्दा' याहून अवघड आहे. त्याचा मूळ अर्थ थांबणं, सोडून देणं. आईनं मुलाला 'नको करू' म्हणायचं झालं तर ती याच क्रियापदाची आज्ञार्थी रूपं वापरते. म्हणजे एका अर्थी ते मनाई करणारं क्रियापद. तेच 'करून' या अर्थाच्या 'गो'ला जोडून भूतकाळात घातलं की अर्थ होतो, नको नको म्हणताना शेवटी झालंच. 'उलगो मारात्ता', म्हणजे रडायचं नव्हतं, ओठ दाबून धरले होते, पण शेवटी रडलोच. यात एक धडपड गृहीत आहे. माणूस आवरत होता आणि त्याला आवरलं नाही. कर्ता माणूस नसला तरी चालतं. जहाज बुडालं, रोगी दगावला, अशा ठिकाणीही 'गो माल्दा' येतं. तिथं आवरणारे म्हणजे आपण सगळे असतो. सगळ्यांची इच्छा एकीकडे आणि घटना दुसरीकडे. मराठीत याला एक शब्द मला सापडला नाही. 'अखेर' आणि 'च' मिळून थोडंसं जमतं. 'अखेर गेलाच.' त्या 'च'मध्ये पुष्कळ काही आहे, पण कोरियन लोकांनी त्याच्यासाठी एक अख्खं क्रियापद ठेवलं आहे.

आता नकाराकडे येतो, कारण हेतूचा खरा निकाल तिथं लागतो. कोरियन भाषेत 'नाही'साठी क्रियापदाच्या आधी लावायचे दोन छोटे शब्द आहेत, 'आन' आणि 'मोत'. 'आन' लावलं की अर्थ होतो मी गेलो नाही. 'मोत' लावलं की मला जाता आलं नाही. आपल्याला यासाठी वाक्य फिरवावं लागतं, 'मी'चा 'मला' करावा लागतो. 'जाववलं नाही' अशी ठेवणीतली रूपं काढावी लागतात. त्यांचं काम एका अक्षरात होतं. मी घरात हे दोन शब्द पाठ करत होतो तेव्हा आतल्या खोलीतून अम्मी घाबऱ्या घाबऱ्या बाहेर आली, "किसकी मौत हुई रे?" तिला व्याकरण समजावून सांगेपर्यंत चहा गार झाला.

पण हा शब्द खरोखर एखाद्याच्या पोटावर येऊ शकतो. भाचीनं सांगितलेली गोष्ट आहे. तिच्या कारखान्यात एकदा रात्रपाळी संपताना भट्टीचा स्विच चालूच राहिला आणि मालाची एक अख्खी लॉट वाया गेली. सुदैवानं कुणाला इजा झाली नाही. सकाळी चौकशी झाली. टेबलाच्या एका बाजूला कोरियन साहेब, दुसऱ्या बाजूला पन्नाशीतला कामगार, आणि मधे ही. साहेबांनी विचारलं, काय झालं? काका म्हणाले, "स्विच बंद करायचा राहून गेला, साहेब."

श्रोतेहो, 'राहून गेलं' हे आपलं किती लाडकं वाक्य आहे! पत्र टाकायचं राहून गेलं, फोन करायचा राहून गेला. त्यात कर्ता नाही. कुणी केलं नाही असंही नाही, आणि कुणाला जमलं नाही असंही नाही. ते काम जणू स्वतःच एका बाजूला राहिलं आणि तसंच पुढं गेलं. मराठी माणसाला ते ऐकून सगळं समजतं. आता हे कोरियनमध्ये सांगायचं. कर्ता गाळायला ती भाषा हरकत घेत नाही, 'मी' न म्हणता तिथं तासन्‌तास बोलता येतं. पण क्रियापदाशी आल्यावर निवड करावीच लागते. 'आन' म्हटलं तर अर्थ होतो, बंद केला नाही. म्हणजे करता येत असून केला नाही. साहेबांचा पुढचा प्रश्न ठरलेला, का नाही केला? 'मोत' म्हटलं तर बंद करता आला नाही. म्हणजे काहीतरी आडवं आलं. मग प्रश्न येणार, काय आडवं आलं? आणि तसं तर काही नव्हतं. एका शब्दात बेफिकिरी, दुसऱ्यात खोटेपणा.

भाची म्हणाली, "मामू, मी दोन क्षण गप्पच बसले." मग तिनं साहेबांना थांबायला सांगितलं आणि काकांकडे वळून मराठीत विचारलं, "काका, विसरलात, की जमलं नाही?" काकांनी बराच वेळ टेबलाकडे पाहिलं. मग म्हणाले, "विसरलो."

तिनं कोरियनमध्ये सांगितलं, 'क्कामप्पाक' विसरले. हा 'क्कामप्पाक' शब्दही ऐकण्यासारखा आहे. दिवा क्षणभर मिणमिणून जातो, पापणी लवते, त्याचा हा शब्द. मन पापणीसारखं लवलं आणि तेवढ्यात स्विच राहिला. आणि पुढं ते 'बॉरिदा' होतंच, विसरून टाकलं, आता उपाय नाही. काकांना लेखी समज मिळाली आणि नोकरी टिकली. दुसऱ्या शब्दानं काय झालं असतं, कोण जाणे. मला त्या गोष्टीत वेगळंच महत्त्वाचं वाटतं. 'राहून गेलं' मध्ये काका कुठंच नव्हते. 'विसरलो' मध्ये ते आले. परक्या भाषेच्या व्याकरणानं त्यांना आपल्याच भाषेत कर्ता व्हायला लावलं.

कारण सांगण्याच्याही त्या भाषेत दोन-तीन खास तऱ्हा आहेत. त्यांच्यावर फार वेळ घालवत नाही, पण आपल्याला त्या ओळखीच्या वाटतील. 'नुरागो' हा प्रत्यय म्हणजे आपलं 'च्या नादात'. गप्पांच्या नादात बस चुकली, कामाच्या नादात जेवण राहिलं. यात कारण आपण आपखुशीनं केलेलं असतं आणि परिणाम मात्र नको असलेला. शिवाय दोन्हींचा कर्ता एकच हवा, म्हणजे दुसऱ्याच्या नादामुळं माझी बस चुकली असं तिथं म्हणता येत नाही! या उलट बाहेरून काही अचानक आदळलं तर 'बाराम' लावतात. बस एकदम थांबली त्या 'बाराम'नं मी पडलो. 'बाराम' हाच शब्द वाऱ्यालाही आहे. झुळूक आली आणि पाडून गेली. आणि पडता पडता राहिलो तर 'प्पॉन'. आपलं 'पडता पडता वाचलो' आणि त्यांचं 'प्पॉन' यांत फरक एवढाच की ते हा प्रयोग अतिशयोक्तीलाही सढळ हातानं वापरतात. भुकेनं मरता मरता वाचलो, लाजेनं मरता मरता वाचलो, असं कोरियन माणूस दिवसातून दोनदा म्हणू शकतो.

आता ज्या प्रयोगाबद्दल माझं मन अजून पक्कं होत नाही, त्याकडे येतो. तो म्हणजे 'गे द्वेदा'. 'द्वेदा' म्हणजे होणं, बनणं. क्रियापदाला 'गे द्वेदा' जोडलं की 'मी केलं'चं 'माझं करणं झालं' असं होतं. कोरियन माणूस 'मी या गावी आलो' म्हणण्याऐवजी 'माझं इथं येणं झालं' म्हणतो. आपणही म्हणतो. 'येणं झालं', 'भेटीचा योग आला'. पण कोरियात हा प्रयोग शिष्टाचाराचा भाग आहे. लग्नाची बातमी देताना वर-वधू म्हणतात, आमचं लग्न करणं होत आहे. नटाला विचारलं, ही भूमिका कशी घेतली, तर तो सांगतो, माझं या चित्रपटात काम करणं झालं. मी ठरवलं, मी मिळवलं, असं म्हणणं उद्धटपणाचं. आपल्या मराठी लग्नपत्रिका याच्या अगदी उलट, तिथं शुभविवाह 'करण्याचे योजिले आहे' असं ठणकावून छापलेलं असतं. आमच्याकडच्या पत्रिकांत 'इन्शाल्लाह' येतं, ते कोरियन वळणाच्या जरा जवळ जातं. योजना आमची, होणं त्याच्या हाती.

नम्रतेसाठी हे सारं छान आहे. माणसाच्या आयुष्यातल्या बऱ्याच गोष्टी त्यानं केलेल्या नसतातच, त्या होत जातात. पण चुकीच्या कबुलीत 'गे द्वेदा' आला की मला खटकतो. 'बॉरिदा' आणि 'माल्दा' कर्त्याला जागेवर ठेवतात. मी फोडलं, आणि आता ते जुळत नाही. 'गे द्वेदा' मात्र कर्त्याचा हात धरून त्याला हळूच खोलीबाहेर नेतो. असं होणं झालं. परिस्थितीच तशी होती. आपल्याकडे सभेत, कचेरीत, पत्रकार परिषदेत 'चूक झाली' म्हणतात आणि 'चुकलो' म्हणत नाहीत, तसलाच प्रकार. कोरियन लोकांची याबाबत एक म्हण आहे, सांडलेल्या पाण्याची, ते परत भरता येत नाही. पण ती बोलताना ते दोन रूपं वापरतात. 'ऑप्चिरुन' पाणी म्हणजे कुणीतरी सांडलेलं, 'ऑप्चिल्लॉजिन' पाणी म्हणजे सांडलं गेलेलं. मराठीत 'पाणी सांडलं' आणि 'त्यानं पाणी सांडलं' यांत क्रियापद बदलतच नाही. त्यांना मात्र तोंड उघडतानाच ठरवावं लागतं, सांडणारा हवा की नको.

घडलं ते कसं घडलं, हे सांगता येणं कोरियाच्या इतिहासात केवळ शब्दांचा खेळ नव्हता. जोसन राजवटीत फौजदारी कायद्यासाठी चीनची मिंग संहिता वापरत. मनुष्यवधाचे तिच्यात बारकाईनं भेद केले होते. कट करून मारणं वेगळं, हेतुपुरस्सर मारणं वेगळं, मारामारीत, खेळता खेळता, एकाला मारताना दुसराच मेला तर, आणि निव्वळ अपघातानं. त्यानुसार शिक्षा कमीजास्त होई. म्हणजे माणसाचा जीव हेतूच्या एका छटेवर अवलंबून. पण संहिता चिनी भाषेत. १३९५ साली ती 'इदू' पद्धतीत उतरवली गेली, म्हणजे चिनी चिन्हांतच कोरियन बोलण्याची कशीबशी सोय करून. शेतकऱ्याची जबानी लिहिणारा कारकून लिहिणार चिनी चिन्हांत. माझ्या हातून घडलं असं तो शेतकरी म्हणाला, की मी घडवलं असं म्हणाला, हे त्या कागदावर कितपत उतरलं, ते त्याला स्वतःला वाचता येत नव्हतं.

राजा सेजोंगनं १४४३ साली कोरियन भाषेसाठी स्वतंत्र लिपी सिद्ध केली आणि १४४६ साली ती जाहीर केली. तिच्या ग्रंथाला जोडलेल्या लेखात जोंग इन-जी या विद्वानानं मुद्दाम नोंदवलं आहे की खटले चालवणाऱ्यांना प्रकरणातले बारकावे कळणं कठीण जात असे, आणि या अक्षरांनी खरी हकिगत कळेल. याला विरोधही झाला. १४४४ साली छ्वे माल-ली आणि त्याचे सहकारी यांनी राजाला निवेदन दिलं. त्यातला एक युक्तिवाद मला आजही विचार करायला लावतो. ते म्हणाले, चीनमध्ये बोलणं आणि लिहिणं एकच आहे, तरी तिथं अन्याय होतातच. आपल्याकडेही ज्या कैद्याला इदू वाचता येते, तो जबानी वाचतो, ती खोटी आहे हे ओळखतो आणि तरी मारापुढं मान तुकवतो. न्याय लिपीवर नाही, तुरुंग चालवणाऱ्या माणसावर अवलंबून असतो. माल-ली लिपीच्या बाबतीत हरला, आणि ते बरंच झालं. पण कोठडीत काय चालतं, ते त्याला राजापेक्षा जास्त ठाऊक होतं असं मला वाटतं.

याच लोकांच्या वाट्याला पुढं विसाव्या शतकात एक असा प्रसंग आला, की सगळा देश दुसऱ्याच्या वाक्यात कर्ता शोधत बसला. १९१० ते १९४५ अशी पस्तीस वर्षं कोरियावर जपानचं राज्य होतं. १९८४ साली राष्ट्राध्यक्ष छन दू-ह्वान जपानच्या भेटीवर गेले. सम्राट हिरोहितो मेजवानीत बोलले. त्यांच्या बोलण्याचा आशय असा होता की दोन देशांमध्ये एका काळात दुर्दैवी भूतकाळ होता, ही खेदाची गोष्ट आहे. होता! जसा डोंगर असतो, नदी असते, तसा भूतकाळ होता. कुणी आणला, ते वाक्यात नव्हतं. सहा वर्षांनी, १९९० च्या मे महिन्यात, राष्ट्राध्यक्ष रो ते-वू टोकियोला गेले. आता सम्राट अकिहितो होते. त्यांनी त्या दुर्दैवी काळाबद्दल बोलताना तो आपल्या देशामुळं ओढवला असं म्हटलं. कर्ता आला. पण स्वतःच्या भावनेसाठी त्यांनी जो शब्द वापरला, तो चिनी मुळाचा, जड, रोजच्या बोलण्यात कुणी न वापरणारा होता. तीव्र दुःख, असा काहीसा. कोरियात मोठी चर्चा सुरू झाली, याचा अर्थ काय? हे दुःख आहे की क्षमायाचना? बाहेरच्याला वाटेल, केवढा हा शब्दांचा कीस. पण ज्यांच्या भाषेत एका 'आन'नं आणि एका 'मोत'नं माणसाची नियत ठरते, ते लोक असं वाक्य कान देऊन ऐकणारच. त्यांच्या स्वतःच्या भाषेत क्षमा मागण्याचा जो आदराचा शब्द आहे, 'च्वेसोंग', त्याची फोड केली तर पहिलं अक्षर अपराधाचं आहे आणि दुसरं भीतीचं. अपराधी आहे आणि धास्तावलो आहे. त्यापुढं नुसतं दुःख जरा कमीच पडतं.

'माल्दा'बद्दल एक सांगायचं राहून गेलं. बघा, मीही तेच म्हणालो! 'उलगो मारात्ता', रडायचं नव्हतं पण रडलोच, हे आपण पाहिलं. ते भूतकाळात. हेच क्रियापद 'मी'च्या तोंडी घालून निर्धाराच्या भविष्यकाळात नेलं की त्याचा अर्थ पार उलटा होतो. 'इगिगो माल्गेत्ता' म्हणजे काहीही होवो, मी जिंकणारच. आवरलं नाही म्हणून हळहळणारं क्रियापद इथं कंबर कसून उभं राहतं. मी भाचीला विचारलं, असं कसं? एकाच शब्दात एवढी हार आणि एवढी जिद्द? तिनं वहीत पाहिलं, दोन्ही उदाहरणं एकाच पानावर होती, एकाखाली एक. म्हणाली, "मामू, दोन्हीकडे थांबवणारं कुणीतरी आहे ना. पहिल्यात मीच मला थांबवत होते. दुसऱ्यात बाकीचे सगळे."